वाचक विचारतात : परतीच्या वाटेवरचे प्रश्न

या खेपेला आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच निघाला. आपल्यासारख्याला देव खरंच माफ करतो का, आणि करत असेल तर आपण नेमकं काय करायचं? म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून हे सदर पूर्णपणे क्षमेला दिलं आहे. आपल्या वाचकांत कॅथलिक आहेत तसे प्रोटेस्टंटही आहेत. जिथे दोघांची रीत वेगळी पडते तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

प्रश्न : वीसेक वर्षं मी चर्चमध्ये गेलेलो नाही. दारू, खोटे व्यवहार, घरच्यांशी वैर, सगळं झालं. आता परतावंसं वाटतं. पण आधी व्यसन सुटू दे, घडी नीट बसू दे, मग देवासमोर उभा राहीन असं मनाशी म्हणतो. चुकतंय का?

उत्तर : परतावंसं वाटतं ते बरोबर आहे, क्रम चुकतोय. लूकच्या शुभवर्तमानातला पंधरावा अध्याय पुन्हा काढा आणि उधळ्या पुत्राचा दाखला या वेळी सावकाश वाचा. बापाकडून आपला वाटा घेऊन गेलेल्या धाकट्या मुलाने तो दूरदेशी उधळला आणि शेवटी डुकरं राखायची वेळ आली. त्या डुकरांपाशी बसून त्याने बापासमोर काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं. त्यात तीन गोष्टी होत्या. मी पाप केलं आहे. तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक राहिलो नाही. मला तुमच्या एखाद्या मजुरासारखा ठेवा. अठराव्या आणि एकोणिसाव्या ओवीत या तिन्ही आहेत. एकविसाव्या ओवीत तो प्रत्यक्ष बापापुढे उभा राहून बोलतो, तेव्हा पहिल्या दोनच येतात. तिसरी तोंडातून बाहेर पडण्याआधीच बाप चाकरांकडे वळून झगा आणायला सांगतो.

तुमचा बेत म्हणजे हीच न बोललेली तिसरी गोष्ट. मजुरासारखा राहीन, कमवून दाखवीन, मग घरात घ्या. बापाने पहिल्या दोन कबुल्या ऐकून घेतल्या, कारण त्या खऱ्या होत्या. मजुरीचा प्रस्ताव मात्र त्याने बोलूच दिला नाही. झगा, अंगठी आणि पायात जोडे, या तिन्ही वस्तू मजुराच्या नाहीत, घरातल्या मुलाच्या आहेत.

आणखी दोन बारकावे बघा. मुलगा निघाला तो काही फार उदात्त विचाराने निघाला नाही. बापाच्या मजुरांना पोटभर भाकरी मिळते आणि मी इथे उपाशी मरतो, हा त्याचा हिशेब होता. तरी तो चालला. १५५१मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने हेच सांगितलं की शिक्षेच्या भीतीने किंवा पापाच्या किळसेने झालेला अपुरा पश्चात्तापही प्रायश्चित्त संस्काराकडे, म्हणजे धर्मगुरूपुढच्या पापनिवेदनाकडे, येण्यास पुरतो. दुसरी गोष्ट म्हणजे तो अजून दूर असतानाच बापाने त्याला पाहिलं आणि त्याचा जीव कळवळला. इथल्या ग्रीक क्रियापदाचं मूळ आतड्यांसाठीच्या शब्दात आहे. ‘आतडं तुटणं’ म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्याच अध्यायात आधी शंभरातलं एक हरवलेलं मेंढरू आहे आणि दहातलं एक हरवलेलं नाणं आहे. मेंढरू स्वतःहून परत आलं नाही. नाण्याला तर आपण हरवलोय हेही ठाऊक नव्हतं. दिवा लावून घर झाडलं ते नाणं हरवलेल्या बाईने. तीन दाखल्यांत हरवलेल्याची हालचाल कमी-जास्त आहे, पण शोधणारा तिन्हींत आधी निघालेला आहे.

तेव्हा येत्या रविवारी या. मागच्या बाकावर बसा, कुणाशी बोलायचं नसेल तर बोलू नका. व्यसनासाठी डॉक्टर, व्यसनमुक्ती केंद्र किंवा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची बैठक हेही याच आठवड्यात सुरू करा. एक होईपर्यंत दुसरं थांबवायचं नाही. आणि पुन्हा घसरलो तर, ही भीती वाटत असेल तर हे लक्षात ठेवा की पुन्हा न करण्याचा निश्चय म्हणजे भविष्याची हमी नव्हे. आजची इच्छा खरी असणं एवढंच तिथे मागितलं जातं.

प्रश्न : पण मग उधळ्या पुत्राच्या थोरल्या भावावर अन्याय नाही का झाला? तो इमाने राबला आणि त्याला करडूसुद्धा मिळालं नाही.

उत्तर : मोशेच्या नियमशास्त्रात (अनुवाद २१:१७) थोरल्याला दुप्पट वाटा होता. दोन भाऊ असतील तर धाकट्याला एक तृतीयांश मिळायचा, आणि तो तो घेऊन गेला. उरलेलं सगळं थोरल्याचंच होतं. ‘माझं आहे ते सगळं तुझंच आहे’ हे बापाचं बोलणं शब्दशः खरं आहे. थोरल्याचं दुखणं वेगळंच होतं. ‘इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय’ असं तो म्हणतो, म्हणजे घरात राहून तोही मजूरच झाला होता. तो ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो आणि बाप उत्तरात ‘हा तुझा भाऊ’ असं दुरुस्त करतो. कुलटांवर पैसा उधळल्याचा आरोपही पहिल्यांदा त्याच्याच तोंडून येतो. त्याआधी गोष्टीत नुसती उधळपट्टी आहे.

बाप त्याच्यासाठीही घराबाहेर आला, हे आपण विसरतो. थोरला आत गेला की नाही हे प्रभू येशूंनी सांगितलंच नाही. समोर कुरकुरणारे परूशी आणि शास्त्री, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे आणि शिकवणारे लोक, बसले होते. त्यांनी काय करायचं ते त्यांच्यावर सोडलं.

प्रश्न : मी कॅथलिक आहे. शेवटचं पापनिवेदन लग्नाआधी केलं, त्याला अठरा वर्षं झाली. पद्धतही आठवत नाही. कसं करायचं, आणि एवढ्या वर्षांतलं सगळं आठवणार कसं?

उत्तर : सगळ्यात आधी, मिस्साच्या (उपासनेच्या) आधीच्या रांगेत उभ्या राहू नका. मागे पाच माणसं खोळंबलेली असली की आपण घाई करतो आणि फादरही करतात. फोन करून अर्ध्या तासाची वेगळी वेळ मागा आणि ‘खूप वर्षांनी येतेय’ एवढं आधीच सांगून ठेवा. ओळखीचे फादर नको असतील तर दुसऱ्या धर्मग्रामात जा. त्यात काही गैर नाही. चेहरा दिसू नये म्हणून जाळीआड बसायचा तुम्हाला हक्क आहे.

तयारीसाठी दहा आज्ञा समोर घ्या आणि आयुष्याचे तुकडे पाडा : लग्नानंतरची पहिली वर्षं, मुलं लहान असतानाची, नंतरची. प्रत्येक तुकड्यावर दहाही आज्ञांतून एकदा जा. गंभीर पापं आधी टिपा. पाप गंभीर ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात. बाब मोठी असावी, ती मोठी आहे हे पुरतं माहीत असावं आणि ते राजीखुशीने केलेलं असावं. यातली एक नसेल तर तेही सांगता येतं, पण सांगायलाच हवं असं नाही. कागदावर लिहून नेलंत तरी चालेल, नंतर तो फाडून टाका.

आत गेल्यावर क्रुसाची खूण करा, शेवटचं पापनिवेदन कधी केलं ते सांगा, विवाहित आहात हे सांगा. मग पापाचा प्रकार आणि अंदाजे संख्या. ‘सासूशी खोटं बोलले’ याने काही कळत नाही. ‘पैशांबाबत नवऱ्याशी खोटं बोलत आले, साधारण महिन्यातून दोनदा, पाच-सहा वर्षं’ असं सांगितलं की चित्र उभं राहतं. नेमका आकडा कुणालाच आठवत नसतो आणि कुणी मागतही नाही. ज्याने पापाचा प्रकारच बदलतो तो तपशील मात्र हवा. चोरी परक्याची होती की आईच्या औषधाच्या पैशांची, यात फरक आहे. दुसऱ्यांची नावं सांगू नका, त्यांची पापं सांगू नका. इथे सर्वाधिक फसगत होते ती हीच. पंधरा मिनिटं जावेने काय केलं ते सांगण्यात जातात आणि स्वतःचं राहून जातं. शेवटी ‘या आणि न आठवलेल्या सगळ्या पापांबद्दल मला दुःख होतं’ असं म्हणा.

मग फादर प्रायश्चित्त देतील, तुम्ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणाल. ती पाठ नसेल तर स्वतःच्या शब्दांत. त्यानंतर ते हात पुढे करून पापमुक्तीचे शब्द उच्चारतील. त्यांचा शेवट ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला तुझ्या पापांपासून मुक्त करतो’ असा असतो. ‘आमेन’ म्हणा. त्या क्षणी काही वाटलं नाही तरी घाबरू नका. क्षमा त्या शब्दांवर उभी आहे, डोळ्यांत पाणी आलं की नाही यावर नाही.

प्रामाणिकपणे विसरलेलं पापही त्या पापमुक्तीत आलं. पुढे आठवलं आणि ते गंभीर असेल तर पुढच्या वेळी सांगा. ख्रिस्तप्रसाद घेणं तोवर थांबवायची गरज नाही. ऐकलेलं कुणालाही, कशाही प्रकारे सांगणं फादरना वर्ज्य आहे. १९८३च्या धर्मविधिसंहितेचं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायदेसंग्रहाचं, कलम ९८३ पापनिवेदनाची मोहर अभंग मानतं, आणि ती सरळ मोडणारा धर्मगुरू त्या कृतीनेच बहिष्कृत होतो. चर्चबाहेर लग्न झालं असेल किंवा तशीच गुंतागुंत असेल, तर पापनिवेदनाआधी त्याबद्दल मोकळं बोलून घ्या, वाट तिथेही असते.

प्रश्न : तरुणपणी एक पाप मी लाजेने मुद्दाम सांगितलं नाही. नंतरची पापनिवेदनं होत राहिली. ती धरली जातात का?

उत्तर : गंभीर पाप जाणूनबुजून लपवलं तर ते पापनिवेदन अपूर्ण राहतं आणि त्याच्यावर रचलेली पुढचीही. पण उपाय एका वाक्याचा आहे. ‘फादर, इतक्या वर्षांपूर्वी मी एक गोष्ट मुद्दाम लपवली, तिथपासूनचं सगळं पुन्हा सांगायचं आहे.’ एवढं म्हणा, पुढचे प्रश्न फादर विचारतील. सर्वांत जड असेल ते सगळ्यात आधी सांगा. शेवटाला ठेवलेलं पाप पुन्हा आतच राहतं.

प्रश्न : माझं उलटं आहे. पापनिवेदन करून बाहेर आलो की वाटतं, नीट सांगितलं नाही. मग पुन्हा जातो. आठवड्यातून तीनदासुद्धा.

उत्तर : हा अतिसंकोची विवेकाचा त्रास आहे आणि तो फार जुना आहे. १५२२मध्ये स्पेनमधल्या मॅनरेसा इथे, पुढे जेझुइट संघ स्थापन करणाऱ्या इग्नेशियस लोयोला यांना याच त्रासाने जगणं नकोसं झालं होतं. केलेली पापनिवेदनं ते पुन्हा पुन्हा उकरत. जुन्यातलं काहीही पुन्हा सांगायचं नाही असं ठरवलं तेव्हाच त्यांची सुटका झाली.

एकच फादर धरा, दर वेळी नवे शोधू नका. पंधरा दिवसांतून एकदा, ठरलेल्या दिवशी जा आणि ते सांगतील ते ऐका, स्वतःला पटलं नाही तरी. नियम असा ठेवा की शंका म्हणजे पाप नाही. अमुक केलं अशी शपथ घेता येत नसेल, तर ते सांगायचं नाही. पुन्हा जाण्याची ओढ दाबून धरली की पहिले काही दिवस अस्वस्थता वाढते. त्या वाढण्याला पुरावा मानू नका. हात धुणं, कुलूप पुन्हा पुन्हा तपासणं असंही होत असेल तर हा मंत्रचळ असू शकतो आणि त्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे चांगले उपचार आहेत. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी पडला, असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका.

प्रश्न : आम्ही प्रोटेस्टंट. धर्मगुरूपुढे कबुली नाही, मग क्षमा झाली हे कळायचं कशावरून?

उत्तर : योहानाच्या पहिल्या पत्रातली पहिल्या अध्यायाची नववी ओवी धरून ठेवा. आपण पापं कबूल केली तर देव ‘विश्वसनीय व न्यायी’ असल्यामुळे क्षमा करतो, असं तिथे आहे. या जागी ‘दयाळू’ हा शब्द सहज आला असता, पण योहान ‘न्यायी’ म्हणतो. ख्रिस्ताने भरपाई केलेली आहे, तेव्हा क्षमा करणं हा देवाने आपल्या शब्दाला जागण्याचा प्रश्न झाला. तुमच्या मनाची अवस्था त्यात मोजली जात नाही.

तरी एक सांगावंसं वाटतं. उपासनेतली सामुदायिक पापकबुली तोंडाने होते आणि मन बाजारात असतं. त्या आधी दोन मिनिटं या आठवड्यातलं एक पाप नाव घेऊन आठवा. आणि एखादं पाप वर्षानुवर्षं सोडत नसेल तर पाळकांना भेटा. याकोबाचं पत्र (५:१६) एकमेकांजवळ पापं कबूल करायलाच सांगतं, आणि १५३०च्या ऑग्सबर्ग विश्वासनिवेदनात ल्यूथरच्या अनुयायांनी खाजगी पापमुक्ती चर्चमध्ये राखावी असंच लिहिलं. दुसऱ्या माणसाच्या तोंडून ‘तुला क्षमा झाली आहे’ हे ऐकण्याची ताकद वेगळी असते.

प्रश्न : पवित्र आत्म्याविरुद्धच्या पापाला क्षमा नाही असं वाचलं. मी रागाच्या भरात देवाला फार वाईट बोललो आहे. माझं संपलं का?

उत्तर : नाही. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात हे वाक्य कुणाला उद्देशून आहे ते पाहा. येशू भुतं काढत होते आणि शास्त्री म्हणाले की हा भुतांच्या अधिपतीच्या मदतीने काढतो. तिसावी ओवी कारणही देते : ‘त्याला अशुद्ध आत्मा लागला आहे’ असं ते म्हणत होते. डोळ्यांदेखत चाललेलं देवाचं काम सैतानाचं ठरवणं आणि क्षमा ज्या दारातून येते तेच दार आतून लावून घेणं, असं हे पाप आहे. प्राचीन चर्चचे थोर धर्मपंडित संत ऑगस्टिन यांनी त्याचा अर्थ शेवटपर्यंत पश्चात्ताप न करणं असा लावला. तुम्हाला झोप लागत नाही यावरूनच दिसतं की तुमचं दार उघडं आहे. रागात देवाला बोललेले शब्द पाप असतील, ते कबूल करा. एवढंच.

चर्चसमोर हा प्रश्न फार लवकर उभा राहिला. इ.स. २५०मध्ये सम्राट डेसियसने सर्वांनी रोमन देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा असा हुकूम काढला. पुष्कळ ख्रिस्ती डगमगले. काहींनी बळी दिले, काहींनी पैसे चारून नुसते दाखले मिळवले. छळ ओसरल्यावर ते रडत परत आले तेव्हा रोममधल्या नोव्हेशियन या धर्मगुरूचं म्हणणं पडलं की अशांना चर्चने क्षमा देऊ नये. रोमचे बिशप कॉर्नेलियस आणि कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी प्रायश्चित्तानंतर त्यांना परत घ्यावं अशी भूमिका घेतली, आणि २५१पासून चर्च त्याच वाटेने चाललं. येशूंना नाकारणं हेसुद्धा अक्षम्य ठरलं नाही.

येशूंचा शिष्य पेत्र यानेही तेच केलं होतं, तीन वेळा, कोळशाच्या शेगडीपाशी शेकत. पुनरुत्थानानंतर येशूंनी त्याला सरोवराच्या काठी तीनदा विचारलं, ‘तू माझ्यावर प्रेम करतोस का?’ तिथेही कोळशांचा विस्तव पेटलेला होता. नव्या करारात हा ग्रीक शब्द या दोनच ठिकाणी येतो. येशूंना पकडून देणाऱ्या यहूदा इस्कार्योतालाही पस्तावा झाला, त्याने मोबदल्याची तीस नाणी परत केली. पण तो गेला मुख्य याजकांकडे, आणि ते म्हणाले, ‘आम्हाला त्याचं काय?’ पस्तावा घेऊन कुणाच्या दारी जायचं, यात दोघांत फरक पडला.

गर्भपाताबद्दल लिहिणाऱ्या दोन भगिनींनाही इथेच उत्तर देतो. पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०१६मध्ये या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सर्व धर्मगुरूंना कायमचा दिला आहे. बिशपांकडे जावं लागेल या भीतीने थांबला असाल तर थांबू नका.

प्रश्न : जुन्या नोकरीत मी मालकाचे पैसे खाल्ले. देवाने क्षमा केली तर परत करायची गरज आहे का?

उत्तर : आहे. अपराध माफ होतो, पण दुसऱ्याचे पैसे तुमच्याकडेच राहतात. लेवीय पुस्तकात (६:५) मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा नियम आहे, आणि निर्गम पुस्तकात (२२:१) चोरलेलं मेंढरू विकलं-कापलं तर चौपट. जकातदार जक्कयाने स्वतःहून चौपट कबूल केलं आणि अर्धी मालमत्ता गरिबांना. त्याचा क्रम लक्षात घ्या. येशू त्याच्या घरी आधी गेले, हिशेब नंतर झाला.

नाव उघड करणं सक्तीचं नाही. निनावी, टप्प्याटप्प्याने, कुणा विश्वासू माणसाच्या हातून पाठवता येतं. मालक हयात नसेल तर वारसांना द्या, कुणीच सापडत नसेल तर गरिबांना. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे मालक समोर असताना ते पैसे चर्चच्या दानपेटीत टाकणं. ते पैसे तुमचे नाहीतच, तर दान कसलं करता?

प्रश्न : वडिलांनी आम्हाला लहानपणी फार मारलं. आता सगळे म्हणतात, ख्रिस्ती आहेस, माफ कर आणि घरी ये. मला जमत नाही.

उत्तर : तुमच्यावर दोन गोष्टी एकदम लादल्या जात आहेत, त्या वेगळ्या करा. क्षमा म्हणजे सूडाचा हिशेब आपल्या हातून सोडणं. घरी जाणं, पूर्वीसारखं वागणं, हा विश्वासाचा भाग आहे, आणि तो समोरच्याच्या वागण्यावर पुन्हा उभा राहतो किंवा राहत नाही. पहिलं तुम्ही एकटीने करू शकता. दुसरं नाही. मारहाण अजून चालू असेल तर आधी सुरक्षित जागी जा, तक्रार करायची असेल तर करा. क्षमा केली म्हणून तक्रार मागे घ्यावी लागत नाही.

पेत्राने विचारलं होतं, सात वेळा क्षमा करू का? येशूंनी सत्तर पट सातचा आकडा दिला. ग्रीक जुन्या करारात हाच आकडा काईनाच्या वंशातल्या लामेखाच्या सूडाच्या गाण्यात आहे, म्हणजे सूड जितका वाढत गेला तितकी क्षमा वाढवायची. मग तो कर्जदाराचा दाखला येतो. त्या चाकराचं देणं होतं दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे दिवसाची मजुरी. हिशेब केला तर सहा कोटी दिवसांची मजुरी निघते, वर्षाला तीनशे दिवस धरले तर दोन लाख वर्षांची. तो म्हणतो, ‘थोडं थांबा, सगळं फेडीन.’ राजाने मुदत दिली नाही, कर्जच सोडलं. त्याच माणसाने बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला.

पण शंभर दिनार म्हणजे चार महिन्यांची मजुरी. ती रक्कम लहान नाही. तुमचं दुखणं क्षुल्लक आहे असं दाखला म्हणत नाही, आणि जे म्हणतात ते चुकतात. म्हणून सुरुवात नेमकं नाव घेण्यापासून करा. काय केलं, किती वर्षं, त्याने माझं काय गेलं ते लिहून काढा. ‘जाऊ दे, काही नाही’ याला क्षमा म्हणत नाहीत. मग दिवसातून एकदा, ‘प्रभू, त्यांचं भलं कर’ एवढंच म्हणा, मनातून येत नसलं तरी. ‘जशी आम्ही क्षमा करतो’ ही ओळ जड वाटते त्या दिवशी ‘क्षमा करायची इच्छा दे’ म्हणा. राग परत येईल. तो आला म्हणजे सगळं वाया गेलं असं नाही, त्या दिवशी पुन्हा सोडायचं.

प्रश्न : माझ्या भावाने आत्महत्या केली. पश्चात्तापाला वेळच मिळाला नाही. त्याच्यासाठी मिस्सा मागू शकतो का?

उत्तर : मागा, आणि नाव घेऊन मागा. १९१७च्या धर्मविधिसंहितेत अशांना चर्चचा अंत्यविधी नाकारला जाई, १९८३च्या संहितेत ते कलम नाही. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ (२२८२-८३) सांगतो की तीव्र मानसिक आजार, यातना आणि भीती यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशांच्या तारणाबद्दल आशा सोडू नये. त्यांना पश्चात्तापाची संधी देण्याचे देवाजवळ असे मार्ग आहेत जे त्यालाच ठाऊक. येशूंच्या शेजारी क्रुसावर असलेल्या गुन्हेगाराकडे आयुष्य सुधारायला तासही उरले नव्हते. ‘माझी आठवण ठेवा’ एवढंच तो म्हणाला आणि ‘आजच’ असं उत्तर आलं.

भावाने काय विचार केला असेल हे रात्ररात्र शोधत बसू नका. तुमच्याही मनात तसे विचार येत असतील तर आजच कुणाला तरी तोंडाने सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : दैवी दयेची जपमाळ कशी म्हणायची?

उत्तर : नेहमीचीच पाच दशकांची रोझरी चालते. सुरुवातीला ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’, ‘नमो मरिये’ आणि प्रेषितांचा विश्वासांगीकार, प्रत्येकी एकदा. मग प्रत्येक मोठ्या मण्यावर : ‘हे शाश्वत पित्या, तुझा परमप्रिय पुत्र, आमचा प्रभू येशू ख्रिस्त याचं शरीर, रक्त, आत्मा आणि देवपण आमच्या व साऱ्या जगाच्या पापांच्या प्रायश्चित्तासाठी मी तुला अर्पण करतो.’ दहा लहान मण्यांवर : ‘त्याच्या दुःखद यातनांस्तव आमच्यावर व साऱ्या जगावर दया कर.’ पाचही दशकं झाली की तीनदा : ‘हे पवित्र देवा, पवित्र सर्वसमर्थ देवा, पवित्र अमर देवा, आमच्यावर व साऱ्या जगावर दया कर.’ सात-आठ मिनिटं लागतात. दुपारी तीनची वेळ प्रभूच्या मरणाची म्हणून धरतात, पण कधीही म्हणता येते. भाषांतरात शब्द थोडे इकडेतिकडे असतात, त्याने अडत नाही.

ही प्रार्थना पोलंडच्या सिस्टर फौस्तिना कोवाल्स्का यांनी १९३५मध्ये आपल्या रोजनिशीत नोंदवली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३० एप्रिल २००० रोजी त्यांना संत घोषित केलं आणि पुनरुत्थान सणानंतरचा रविवार दैवी दयेचा म्हणून जाहीर केला. दैवी दयेच्या येशूंच्या चित्रातल्या दोन किरणांपैकी फिकट तो पाण्याचा, लाल तो रक्ताचा. भाल्याने टोचलेल्या कुशीतून आलेले. जपमाळ पापनिवेदनाच्या जागी नसते, ती त्याच्याकडे नेते.

प्रश्न : मुलगा भांडून घर सोडून गेला. विश्वासही सोडला. रोज प्रार्थना करते. आणखी काय करू? कुणाला त्याची समजूत घालायला पाठवू का?

उत्तर : संत ऑगस्टिन यांच्या आई मोनिका यांनी नेमकं हेच केलं होतं. मुलगा मानी नावाच्या धर्मसंस्थापकाच्या पंथात गेला तेव्हा त्याच्याशी वाद घालावा म्हणून त्या एका बिशपांकडे गेल्या. बिशप नाही म्हणाले. तो अजून शिकायच्या मनःस्थितीत नाही, सध्या त्याला सोडा, फक्त प्रार्थना करा, वाचता वाचता त्याला स्वतःलाच चूक कळेल, असं त्यांनी सांगितलं. मोनिका रडून पिच्छा सोडेनात तेव्हा वैतागून ते म्हणाले की इतक्या आसवांचा मुलगा वाया जाणं शक्य नाही. पुढे कितीतरी वर्षांनी, ३८७च्या पुनरुत्थान जागरणाच्या रात्री, मिलानमध्ये बिशप अँब्रोज यांच्या हातून ऑगस्टिन यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी मोनिका वारल्या.

तर कुणाला पाठवू नका. दाखल्यातल्या बापानेही दूरदेशी माणूस धाडला नाही, तो वाटेकडे डोळे लावून होता. महिन्यातून एकदा दोन ओळी पाठवा. चर्चचं नाव नको, कोण काय म्हणालं ते नको, ‘तुझ्यामुळे बाबांचं ब्लडप्रेशर वाढलं’ हे तर नकोच. ‘तुझी आठवण येते. घर तुझंच आहे. यावंसं वाटेल तेव्हा ये, आधी कळवायची गरज नाही.’ उत्तर आलं नाही तरी पुढच्या महिन्यात पुन्हा, तेवढंच. आला तर पहिल्या दिवशी जुना विषय काढू नका, तो स्वतः काढेल तेव्हा ऐकून घ्या. आणि फोनचा नंबर बदलू नका, त्याला पाठ असलेला तोच असेल.